बांधावरच्या अकरा झाडांची वकील

अक्का, काल तुझा तेरावा झाला. सांबाऱ्यात मीठ कमी होतं आणि कुणीही चकार शब्द काढला नाही. तू असतीस तर पानावरूनच आचाऱ्याला हाक मारली असतीस, त्याच्या आजोबांच्या हाताच्या चवीची आठवण काढली असतीस आणि त्याला पार रडकुंडीला आणलं असतंस. आम्ही मात्र शहाण्यासारखे माना खाली घालून जेवलो. हात धुताना माझ्या लक्षात आलं की आता या घरात भांडायला कुणी उरलेलं नाही, आणि तिथेच मला पहिल्यांदा रडू आलं.

हे मी देवनागरीत लिहितोय, म्हणजे तुला वाचता आलं नसतंच. तंजावरच्या राजवाड्यामागच्या आपल्या गल्लीत मराठी बोलणारी घरं पुष्कळ, पण अक्षरं ओळखणारी माणसं दोन-चार, आणि तीही माझ्यासारखी पुण्याला जाऊन बिघडलेली. माझी पत्रं तू गठ्ठ्यानं जपून ठेवायचीस आणि मी सुट्टीत आलो की मलाच वाचायला लावायचीस. "तूं वाच रे, मी ऐकतें. माझे कान मराठीच अहेत." तर आता बस आणि ऐक. मध्ये बोलू नकोस. ही विनंती मी तुला तीस वर्षं करत आलो, तू आज पहिल्यांदा ऐकतेयस, आणि मला ते मुळीच आवडलेलं नाही.

तू माझी सख्खी बहीण नव्हेस, दोन दारं सोडून राहणारी यमुनाक्का. मुलींच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर. नोकरीला लागलीस तेव्हाही डेमॉन्स्ट्रेटर आणि गेलीस तेव्हाही. डॉक्टरेट नाही म्हणून बढती नाही. ज्यांना तू सूक्ष्मदर्शक धरायला शिकवलंस त्या मुली प्राध्यापक होऊन तुझ्या टेबलावर सह्यांचे कागद ठेवून गेल्या. मला त्याचा संताप यायचा. तुला यायचा नाही, आणि त्याचा मला जास्त संताप यायचा.

सात वर्षांपूर्वी मी पुण्याहून वनस्पतिशास्त्रातला डॉक्टर होऊन घरी आलो होतो. तिकडच्या एका संस्थेत नोकरीची मुलाखत व्हायची होती आणि तोवर हाताला काम नव्हतं. गावात तेव्हा कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीची पिवळी बूथं उगवत होती, घरांवर केबलच्या तारा चढत होत्या, आणि ओरत्तनाडूकडच्या शेतांत भात कापणारं भलंमोठं यंत्र पहिल्यांदा उतरलं होतं. यंत्राला सरळ, मोकळी खाचरं हवीत. त्या बाजूच्या एका गावात बांधांवर अकरा जुनी इलुप्पैची झाडं होती. इलुप्पै म्हणजे आपल्या मोहाचंच दक्षिणेतलं भावंड. त्याच्या बियांच्या तेलावर इथल्या देवळांतले दिवे जळत आले. एकेक झाड एकेका बांधावर, मध्ये नुसता भात. गावच्या शेतकऱ्यांच्या समितीनं कॉलेजला विचारलं, की ही अकरा तोडली आणि देवळामागच्या इलुप्पैच्या राईत नवी लावली, तर काही बिघडतं का?

प्रिन्सिपॉलबाईंनी मत द्यायला मला, बाहेरच्याला, सांगितलं, कारण डॉक्टर मी होतो. तुला माझी मदतनीस नेमलं. आठवून आजही मला घाम फुटतो.

मी खुर्चीत बसल्या बसल्या मत दिलं. भाताच्या समुद्रात एकट्या पडलेल्या झाडापर्यंत दुसऱ्या झाडाचा पराग पोचत नाही. ते स्वतःच्याच परागावर कसंबसं बी धरतं, संतती दुबळी निघते, वाण उतरत जातो. झाडं म्हातारी, वंश संपल्यात जमा. एक दाट राई अशा अकरांपेक्षा केव्हाही मोलाची. टाइप केलेला कागद मी तुझ्यापुढे ठेवला. तू तो वाचलास, चष्मा काढलास आणि म्हणालीस, "येकटें झाड येकटें अहे, हें तुजला कोणीं सांगितलें?"

"दिसतंय की डोळ्यांना."

"तुजला दिसतें. वटवाघळाला काय दिसतें तें विचारिलास का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तू मला टाउन बसनं त्या गावी नेलंस. सगळ्यांत लांबच्या झाडाखाली उकिडवी बसलीस आणि पाचोळ्यातून एकेक वस्तू वेचून माझ्या तळहातावर ठेवत गेलीस. चघळून टाकलेला पेरूचा चोथा. बदामाची दात लागलेली फळं. जवळपास कुठेही पेरू नव्हता, बदामाचं झाड तर थेट शाळेपाशी. "हीं रातच्याला इथें जेवायला येतात. इलुप्पैच्या फुलांतहि तोंड घालतात. तोंड पुसून येतात, असें वाटतें तुजला?" मी म्हणालो, चोथा म्हणजे पुरावा नव्हे. तू म्हणालीस, "सरी, ठीक अहे. मग पुरावा काढूं."

आणि काढलास की गं! परदेशातल्या प्रयोगशाळांत जे काम बटणं दाबून व्हायचं ते तू मुलींच्या कॉलेजातल्या गळक्या नळाशेजारी उभं केलंस. कोवळं पान वाटायचं, त्याचा रस बटाट्याच्या स्टार्चच्या थंडगार वडीत भरायचा, विजेच्या प्रवाहात ठेवायचं आणि मग रंग चढवायचा. वडीत जांभळ्या रेघा उमटतात. कुठली रेघ आईची, कुठली बापाची, ते त्यावरून वाचता येतं. रंगाच्या पुड्या मी पुण्याहून मागवल्या. वीजपुरवठ्याचं खोकं तू भौतिकशास्त्राच्या बाईंना लोणच्याची बरणी देऊन आणलंस. बर्फ मासळीबाजारातल्या कारखान्यातून, तेही कडक सोवळ्यातल्या घरातली तू, पदर खोचून, घासाघीस करून. आणि ती वडी पातळ कापायची कशानं? सुरी चालेना, ब्लेड चालेना. तू शेजारच्या वीणा बनवणाऱ्यांकडून तार मागून आणलीस आणि सर्रकन कापलीस. तंजावरात कापायला तार मिळत नाही म्हणणारा मी किती मूर्ख होतो, हे तू त्यानंतर आठवडाभर गल्लीत सांगत होतीस.

तमिळ आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढाच्या सुमारास, इलुप्पैची फळं गळतात. बी फार दिवस जगत नाही, घाई करावी लागते. आपण काम वाटून घेतलं. बांधावरच्या अकरा झाडांचं बी तू वेचायचं, राईतल्या देवळाच्या मुख्य झाडाचं मी. तू अकरा पिशव्या शिवल्यास, प्रत्येक झाडाखाली वाकून वाकून वेगळं बी गोळा केलंस, पिशवीवर खडूनं खुणा केल्यास. मी गेलो तेव्हा ऊन होतं, मला मुलाखतीची तयारी करायची होती, आणि देवळाच्या मंडपात, त्या मुख्य झाडापासून दहा पावलांवर, ताज्या बियांचा झाडून ठेवल्यासारखा ढीग दिसला. पुजारी जेवायला गेला होता. मी पिशवी भरली आणि बस पकडली.

रोपं आली. वड्या लागल्या. माझ्या ट्रेमधल्या रोपांत रेघांची नुसती दिवाळी होती. जवळजवळ प्रत्येक रोप वेगळं. मी हरखून गेलो. एका आईची मुलं आणि एवढी विविधता! म्हणजे राईत पराग खेळतोय, वाण भक्कम आहे, बांधावरची झाडं गेली तरी बिघडत नाही. मी समितीला तसं कळवून टाकलं आणि अहवालाचं शेवटचं पान लिहायला घेतलं. तू मात्र वडी खिडकीशी धरून उभी. तुझे ओठ हलत होते, मोजत होतीस.

"माधवा, आईचें पान ह्याच वडींत घातलें होतें ना?"

"पहिल्या रांगेत."

"मग ह्या सात पोरांत आईची येकहि रेघ नाहीं रे पा. बाप कोणीहि असो. आई कुठें गेली?"

मी पाहिलं. खरंच नव्हती. प्रत्येक पोराला आईकडून एक रेघ मिळायलाच हवी, हे पहिल्या वर्षाच्या मुलीलाही कळतं. मी उलटसुलट कारणं सांगितली. रंग जास्त झाला, बर्फ वितळला, मध्येच वीज गेली होती. तू माझं सगळं ऐकून घेतलंस आणि एकच विचारलंस, "बी कुठून आणलास? आणि कोणाला विचारून आणलास?"

दुसऱ्या दिवशी आपण त्या पुजाऱ्यासमोर उभे होतो. तो पोट धरून हसला. मंडपातला ढीग देवळाच्या झाडाचा नव्हताच! ज्याच्या ज्याच्या बांधावर इलुप्पै आहे त्यानं आडीत पहिलं मापभर बी दिव्याच्या तेलासाठी देवाला आणून घालायचं, ही त्या गावची पिढ्यान् पिढ्यांची रीत. मी उचललं ते बी त्या अकरा झाडांचं होतं, एकत्र मिसळलेलं. गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट डॉक्टरसाहेबांनी विचारली नव्हती.

मग राईतल्या खऱ्या झाडाखालचं उरलंसुरलं बी तू स्वतः वेचलंस. त्याच्या रोपांच्या वड्या लावल्या, तर एकसारख्या रेघा, जशी काही शाळेच्या गणवेशातली रांग. पुजारीच म्हणाला, त्याच्या पणजोबांनी सबंध राई त्या एकाच पवित्र झाडाच्या बियांतून लावली होती, दुसरं बी देवाच्या जागेत चालायचं नाही म्हणून. सगळी सख्खी भावंडं. आणि तुझ्या अकरा पिशव्यांतून काय निघालं? भातात एकट्या उभ्या असलेल्या झाडांच्या मुलांत चार दिशांच्या बापांच्या रेघा. ज्यांना मी निपुत्रिक म्हातारी ठरवलं होतं त्यांचा संसार भातावरून, माणसांच्या डोक्यावरून, रोज संध्याकाळनंतर सुखेनैव चालू होता. तू प्रयोगशाळेत टाळी वाजवलीस. एकदाच. मग भांडी घासायला बसलीस.

आता मी त्या मीटिंगचं बोलतो. ते मला बोलायलाच हवं.

माझं आधीचं मत तोवर समितीकडे पोचलं होतं, झाडं तोडायची तारीख ठरत आली होती. ते मागे घ्यायचं तर चूक कशी झाली ते सांगणं भाग होतं. मीटिंगला जिल्ह्याहून साहेब लोक आले होते. त्यातले एक माझी मुलाखत घेणाऱ्यांच्या ओळखीचे, आणि मुलाखत आठ दिवसांवर. मी उठणार होतो, अक्का. खरंच उठणार होतो. पण पाय उचलेचनात, आणि तेवढ्यात तू उभी राहिलीस आणि तमिळमध्ये, स्वच्छ आवाजात म्हणालीस, "बी गोळा करताना माझ्याकडून चूक झाली. डॉक्टरांनी ती पकडली."

ते साहेब शेजारच्याकडे झुकून म्हणाले, "डेमॉन्स्ट्रेटरकडून आणखी काय होणार?" मी ते ऐकलं. तूही ऐकलंस. मी मूग गिळून बसलो.

आणि तू? तू तर त्या क्षणी मैदानात उतरलीस. असं भाषण मी पुन्हा ऐकलं नाही. "तुमच्यात मामाची मुलगी करतात. चांगलं आहे. पण सख्ख्या बहिणीशी लग्न लावतो का कुणी?" सगळे हसले. "मग देवाच्या राईत पिढ्यान् पिढ्या तेच लावताय तुम्ही. आणि ज्यांच्या घरी लांबून लांबून सोयरीक येते ती अकरा घरं पाडायला निघालात." बायका मागून ओरडल्या, बरोबर बोलतात टीचरम्मा! चिन्नसामी नावाचा शेतकरी, ज्याच्या खाचराच्या अगदी मध्यात एक झाड होतं, तो तावातावानं उठला, यंत्र वळवायचं कसं म्हणून. तू त्याला फळ्यावर खडूनं खाचर काढून यंत्र कसं वळतं ते दाखवलंस. तुला सायकलसुद्धा येत नव्हती! ठराव झाला. अकराच्या अकरा झाडं राहिली. आणि पुढच्या आडीत, ज्या ढिगानं मला तोंडघशी पाडलं त्याच ढिगातलं बी देवाची परवानगी काढून जुन्या राईच्या कडेला लावलं गेलं. मी त्याआधीच पुण्याला नोकरीवर गेलो होतो.

आपलं भांडण मिटलं मात्र नाही. मी पुण्याहून फोनवर म्हणायचो, तुझी अकरा झाडं जन्मली तेव्हा भोवती झाडी जास्त होती, म्हणून ती एकमेकांपासून इतकी वेगळी. ही पूर्वजांची पुंजी आहे. खरी परीक्षा नव्या पिढीची, आणि भातात रोप उगवलं तरी नांगराखाली जातं. तू म्हणायचीस, "म्हणून तर हातानें लावायचें." मी म्हणायचो, अकरा झाडांवरून आणि चार रेघांवरून एवढं बोलू नये. तू म्हणायचीस, बांधावरची झाडं म्हणजे वटवाघळांचे टप्पे. अकराची पाच झाली तर ती वाटच बदलतील, मग बघ. मी पुरावा मागायचो. बूथवाला वेळ संपल्याची खूण करायचा आणि तू शेवटचं वाक्य आपलंच ठेवून फोन आपटायचीस. कोण बरोबर होतं? थोडा मी, पुष्कळशी तू. हे मी तुला जिवंतपणी सांगितलं असतं तर तुझं डोकं कौलाला लागलं असतं.

पण त्या मीटिंगमधलं माझं गप्प बसणं, ते एक बोलायचं राहिलं ते राहिलंच. सात वर्षांत मी चौदा वेळा घरी आलो असेन. दर वेळी ठरवायचो. तू वाढायचीस, मी जेवायचो, झाडांवरून भांडायचो आणि निघायचो. तूही कधी विषय काढला नाहीस, आणि मी मनात म्हणायचो, विसरली असेल.

आज सकाळी कॉलेजात तुझी शोकसभा झाली. प्रिन्सिपॉलबाई तुझ्या सेवेबद्दल बोलल्या. गावाकडून व्हॅन भरून माणसं आली होती, चिन्नसामी पुढच्याच बाकावर, पिकलेल्या मिशांचा. माझं नाव पुकारलं. मी लिहून आणलेला कागद खिशातच ठेवला आणि तमिळमध्ये म्हणालो, की सात वर्षांपूर्वी बी चुकीचं मी आणलं होतं. न विचारता, आळसानं. यमुनाक्कांनी चूक अंगावर घेतली, त्यांना सगळ्यांसमोर हिणवलं गेलं, आणि मी नोकरीसाठी गप्प बसलो. 

आणि चिन्नसामी खदखदून हसला! शोकसभेत! मग पुजारी हसला, मग मागच्या बायका. मला वाटलं यांना वेड लागलं.

"आम्हाला ठाऊक होतं, सार," चिन्नसामी डोळे पुसत उठला. "मीटिंगच्या आदल्या दिवशी टीचरम्मा माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. म्हणाल्या, चूक आमच्या माधवाची आहे, पण उद्या मी माझी म्हणणार, कुणी तोंड उघडायचं नाही. आणि माझ्याकडून, सगळ्या बांधवाल्यांच्या वतीनं, देवासमोर शब्द घेतला. म्हणाल्या, ठराव-बिराव राहू दे. माधव आपल्या तोंडानं कबूल करीपर्यंत माझ्या झाडांना कुऱ्हाड लावणार नाही, असं म्हण. मला वाटलं, महिना-दोन महिन्यांचा प्रश्न. मी शब्द देऊन बसलो!"

अख्खी सभा हसत होती, अक्का. प्रिन्सिपॉलबाईसुद्धा पदर तोंडाला लावून. माझ्या हट्टीपणावर तू अकरा झाडं तारण ठेवलीस! कुणावर भरवसा ठेवावा हे तुला बरोबर कळलं. सरकारवर नाही, ठरावावर नाही, माझ्या अहंकारावर! मला तुझा भयंकर राग आला, आणि तुझ्या फोटोपुढे उभं राहून मी इतका मोठ्यानं हसलो की हार हलला.

सभा संपल्यावर मी चिन्नसामीला बाजूला घेतलं आणि विचारलं, मग आता? आता तर मी कबूल केलं. शब्द संपला.

"संपला," तो म्हणाला. "तेच बोलायला आलोय. नवी झाडं माझ्या डोक्याच्या वर गेलीत, बायका आता जुन्यांना हात लावू देणार नाहीत. पण देवाच्या नव्या जागेत यंदा आणखी लावायचीत. पुढच्या आठवड्यात आडी लागते. टीचरम्मा नाहीत, मग अकरा झाडांचं बी वेगवेगळं कोण वेचणार? तुम्हाला विचारून वेचता येईल ना, सार?"

येईल, अक्का. मी आत्ताच स्टेशनवर जाऊन पुण्याचं परतीचं तिकीट रद्द करून आलो.